सात मिनिटांचा मार्कंडेय: हलता देखावा बांधताना सिनेमाकडून काय घ्यायचं, काय नाही

गणपतीच्या देखाव्याची पहिली बैठक बसली की पाच मिनिटांत कोणीतरी मोबाइल पुढे करतं आणि म्हणतं, "असलं काहीतरी करू." स्क्रीनवर एखाद्या गाजलेल्या सिनेमातला राजवाडा असतो, नाहीतर खांद्यावर शिवलिंग घेतलेला नायक. २०१५ नंतर दोन-तीन वर्षं त्या 'बाहुबली'च्या थाटातले गणपती ठिकठिकाणी बसले. २०२२ मध्ये 'पुष्पा'सारखे हनुवटीखालून हात फिरवणारे गणपती आले आणि त्यावर कुरबूरही झाली. मोबाइल पुढे करणाऱ्याला दटावू नका. सिनेमाला प्रकाश, वेळ आणि वळण कळतं, तेवढं त्याच्याकडून शिकून घ्या. चेहरा मात्र घेऊ नका, कारण एकदा लोकांच्या डोळ्यांत बसलेला चेहरा पुढच्या तीन पिढ्या निघत नाही.

याचा पुरावा घराघरात लटकतोय. १८९४ मध्ये मुंबईत राजा रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वतीला जे रूप मिळालं ते आजही कॅलेंडरवर आहे. १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये विष्णुपंत पागनीसांनी तुकाराम केला आणि त्यांचाच चेहरा तसबिरींतून देव्हाऱ्यात गेला. त्याच चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं 'आधी बीज एकले' पुष्कळ लोक आजही तुकोबांचा अभंग म्हणून गातात. १९७५ च्या 'जय संतोषी माँ'नंतर शुक्रवारचे गूळ-चणे कुठल्या कुठे पोचले, हे घरातल्या आजीला विचारा. म्हणजे तुमच्या मांडवातला यम किंवा शंकर हा नुसता दहा दिवसांचा खेळ नसतो. समोर बसलेलं सहा वर्षांचं पोर तो घेऊन मोठं होणार असतं.

खाली एका देखाव्याची पूर्ण कृती आहे. कथा मार्कंडेयाची, म्हणजे सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू विणकरांच्या घरची. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत गणपती बसतात, त्यामुळे बघणाऱ्याच्या मनात कथा ताजी असते. मध्यम मंडळाला झेपेल असं माप धरलंय: तोंडाला २० फूट, खोली १२ फूट, उंची १४ फूट. चार आकृत्या, एक उघडणारं लिंग, सात मोटरी. हाताशी आठ आठवडे हवेत. सहा आठवड्यांत होतं, पण लगदा ओला राहतो आणि मग रंग पोपडे धरतो.

कथा आधी, मोबाइल नंतर

पहिला आठवडा फक्त संहितेचा. मृकंडू आणि मरुद्वतीला शंकराने विचारलं: दीर्घायुषी पण मंदबुद्धी मुलगा हवा, की गुणी पण सोळाच वर्षांचा? त्यांनी दुसरा मागितला. सोळावं संपताना यम येतो, पोरगं लिंगाला मिठी मारतं, फास दोघांवर पडतो, लिंगातून शंकर प्रकटतो आणि यमाला लाथ बसते. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं बरीच मंडळं गाळतात: यमच पडल्यावर पृथ्वीवर मरण थांबलं, देवांनी विनवलं, शंकराने यमाला उठवलं. हा शेवट ठेवाच. यम हा खलनायक नाही, तो धर्मराज आहे. त्याला मारून पडदा पाडला तर देखावा मारामारीच्या सिनेमासारखा संपतो, आणि पहिल्या रात्री एखादे आजोबा पुढे येऊन तेच सांगतात.

संहितेचं पान मंदिराच्या पुजाऱ्यांना आणि समाजातल्या दोन वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा. वाचूनच दाखवा, व्हॉट्सॲपवर टाकू नका. टाकलं की ते उघडलं जात नाही आणि हरकत मांडव उभा राहिल्यावर येते. संतांच्या तोंडी एखादी ओळ घालायची असेल तर गाथा उघडून ती तिथे आहे का ते बघा. वर सांगितलेली 'आधी बीज'ची गोष्ट त्यासाठीच सांगितली.

यमाचा चेहरा

मूर्तिकाराला "यम करा" एवढंच सांगितलं तर तो शिंगांचा मुकुट, पिळदार मिशा आणि सुटलेलं पोट करून देतो. हा यम नाटक-सिनेमातून आलेला आहे. त्यात पूर्वभागाची वेगळी अडचण अशी की इथल्या घरांत तेलुगू सिनेमा चालतो, आणि तेलुगू सिनेमातला यम हसवणारा आहे. १९७७ च्या 'यमगोला'पासून कैकाला सत्यनारायण यांनी तो असा काही रंगवला की भारदस्त आवाजात यम बोलू लागला की लोक आधीच हसायला तयार होतात. तुमचा यम तसा हसला तर मांडवात हशा पिकेल, पण मार्कंडेयाची भीती तिथेच मरेल. भीती नसेल तर शंकर येऊन करणार काय?

म्हणून मूर्तिकाराला महाभारताच्या वनपर्वातला, सावित्रीसमोर आलेला यम सांगा: तांबडं वस्त्र, डोक्यावर मुकुट, सूर्यासारखं तेज, सावळा वर्ण, लाल डोळे, हातात पाश. शिंगं नाहीत, पोट नाही. वटपौर्णिमेची कहाणी ऐकलेल्या बायका हा यम बरोब्बर ओळखतात. त्याच्या तोंडी एकच वाक्य द्या, तेही संथ आवाजात. हास्य अजिबात नको. त्याच्या येण्याची चाहूल रेड्याच्या गळ्यातल्या घंटेने द्यायची. खऱ्या पितळी घंटेचा आवाज रेकॉर्ड करा. मोबाइलवरून उतरवलेली घंटा देवळाची वाटते, रेड्याची नाही.

शंकराच्या रंगावर भांडण होणार हे धरून चाला. कॅलेंडर आणि मालिकांनी शंकर निळा केला. पण रोज आरतीनंतर आपण 'कर्पूरगौरं' म्हणतो, म्हणजे कापरासारखा गोरा. तोडगा सोपा आहे: अंग भस्माच्या पांढुरक्या रंगाचं, फक्त कंठ निळा, आणि मागून निळा दिवा. निळा हवा असणाऱ्यांना निळा दिसतो. दुसरी मागणी पोटाच्या पिळदार स्नायूंची येईल, ती हल्लीच्या पोस्टरांची आहे. वेरुळच्या १५ व्या लेण्यात हाच प्रसंग कोरलेला आहे. त्याचा फोटो बैठकीत दाखवा. तिथल्या शंकराचा जोर उचललेल्या पायात आहे, पोटात नाही.

वेळपट्टी

सिनेमाकडून घ्यायची मोठी गोष्ट म्हणजे वेळ. आठ-दहा मिनिटं हलणारे देखावे लोक अर्ध्यात सोडतात. सात मिनिटं हा कमाल आकडा.

०:०० ते १:१० – अंधार, मागच्या पडद्यावर मृकंडू-मरुद्वती, फक्त निवेदन.
१:१० ते २:१० – मार्कंडेय पूजा करतो, उजवा हात हलतो.
२:१० ते ३:३० – घंटा लांबून जवळ. रेड्यावरचा यम डावीकडून गाड्यावर पुढे सरकतो.
३:३० ते ४:१० – यमाचं वाक्य, हात वर, फास सुटतो.
४:१० ते ४:१४ – काळोख. काहीही वाजायचं नाही.
४:१४ ते ५:१० – लिंग उघडतं, शंकर वर येतो.
५:१० ते ७:०० – यम कमरेत वाकतो, पडतो, पुन्हा उठून नमस्काराच्या जागी येतो, शंकराचा आशीर्वाद.

मधले चार सेकंद काळोखाचे आहेत, त्यांवर सगळा देखावा उभा आहे. ते भरून काढायचा मोह होतो. कोणी तिथे ढोल घालतं, कोणी विजेचा कडकडाट. घालू नका. दोनशे माणसांच्या गल्लीत चार सेकंद शांतता पडली की मागे बोलणारेही पुढे बघतात.

सात मिनिटांचा खेळ आणि माणसं बदलायला दीड मिनिट, म्हणजे तासाला सात खेळ. संध्याकाळी सात ते दहा एकवीस. प्रेक्षकांची जागा सहा बाय पाच मीटर असेल तर साठ माणसं आरामात उभी राहतात, त्याहून जास्त आत घेऊ नका.

लगदा

थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे कागदाचा लगदा. एक किलो रद्दीचं प्रमाण असं:

रद्दी फाडून चोवीस तास पाण्यात. मग कुस्करून, पिळून घ्यायची. मैदा ३०० ग्रॅम दीड लिटर पाण्यात शिजवून खळ, त्यात मोरचूद १० ग्रॅम. मोरचूद नसेल तर उंदीर आणि झुरळं चौथ्या रात्री शंकराचा कान खातात. पण ते विषारी आहे. हातमोजे घाला आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकात नको. खळ थंड झाल्यावर फेविकॉल १५० ग्रॅम, व्हायटिंग (खडूची पूड) ५०० ग्रॅम, आणि सगळं मळायचं. ज्वारीच्या भाकरीचं पीठ जसं मळल्यावर थापताना काठ फुटत नाही, तसं झालं की लगदा तयार. काठ फुटला तर खळ कमी पडली.

सांगाडा बांबूच्या कामट्या आणि कोंबडीच्या जाळीचा. त्यावर खळ लावलेल्या कागदाचे तीन थर, मग लगदा. एका वेळी चार मिलिमीटरपेक्षा जास्त चढवू नका, दोन थरांत दोन दिवसांचं अंतर ठेवा. जाड थर बाहेरून वाळतो, आत ओला राहतो, आणि गणपती बसायच्या आदल्या दिवशी गालावर चीर पडते. कडक उन्हातही नको, वारा खेळेल अशा सावलीत वाळवा. साडेपाच फुटांचा शंकर पोकळ राहिला तर बारा ते पंधरा किलो भरतो. वीस किलोच्या वर गेला तर पुढे लिफ्ट तक्रार करते.

रंग मॅटच हवा. ऑइल पेंट दिव्यात चमकतो आणि चेहरा प्लास्टिकचा दिसतो.

हालचाल

भंगारातल्या गाडीची वायपर मोटर हे या धंद्याचं हत्यार. १२ व्होल्टवर कमी वेगात ती मिनिटाला साधारण ४५ फेरे घेते, ६ व्होल्टवर वीसच्या आसपास. आत वर्म गिअर असल्यामुळे वीज गेली तरी हात खाली पडत नाही, आहे तिथे थांबतो. विकत घेताना हाताने दांडा फिरवून बघा. फिरला तर गिअर झिजलाय, सोडून द्या.

मार्कंडेयाच्या हातासाठी मोटरच्या दांड्यावर ५ सेंटिमीटरची आर (मोटरबरोबर गोल फिरणारी आखूड पट्टी), तिला जोडदांडी, आणि खांद्याच्या कण्यापासून १५ सेंटिमीटरवर तिचं दुसरं टोक. हात साधारण ४० अंश हलतो. जास्त हलावा म्हणून आर १० केली की हालचाल ८० अंशांच्या पुढे जाते आणि पोरगं पूजा करण्याऐवजी रिक्षा थांबवल्यासारखं दिसतं. आर खांद्याच्या मापाला टेकत आली तर दांडी अडकते आणि मोटर जळते. मोटरचं वेगनियंत्रण लावून हात मिनिटाला वीसच्या आतच ठेवा. यमाच्या हातालाही हीच रचना, फक्त तिथे अर्धा फेरा झाल्यावर मायक्रोस्विच मोटर थांबवतो.

शंकराची लिफ्ट म्हणजे एक इंची चौकोनी लोखंडी पाइपच्या दोन उभ्या दांड्या, नायलॉनच्या चाकांवर चढणारी पाटी, वर कप्पी, मागे प्रतिभार. प्रतिभार मूर्तीपेक्षा एक-दोन किलो कमी ठेवायचा. गुंडाळायचा ड्रम दोन इंची, म्हणजे एका फेऱ्याला १६ सेंटिमीटर दोरी. साडेतीन फूट चढायला पावणेसात फेरे, म्हणजे ६ व्होल्टवर वीस सेकंद. हाच वेग योग्य, त्याहून जलद शंकर उंच इमारतीच्या लिफ्टमधून आल्यासारखा वाटतो. वर आणि खाली मर्यादा-स्विच दोन-दोन लावा. एक बिघडला तर दुसरा वाचवतो, आणि एक बिघडतोच. उचललेला पाय मूर्तीतच घडवा, त्याला वेगळी मोटर नको.

लिंगाच्या दोन पाळ्या बाजूला सरकवणाऱ्या करा, कवाडासारख्या उघडणाऱ्या नको. कवाड उघडलं की आतली कड, जाळी, तारा सगळं दिसतं. तिथे लोकांच्या भक्तीपेक्षा कुतूहल मोठं होतं.

उलटसुलट फिरणाऱ्या चार मोटरी आहेत: गाडा, लिंग, लिफ्ट, यमाची कंबर. पुष्कळ वायपर मोटरींचं ऋण टोक त्यांच्या बॉडीलाच जोडलेलं असतं. तसली मोटर उलटी फिरवायला पोलॅरिटी बदलली की बॉडी धन होते, आणि ती लोखंडी सांगाड्याला टेकलेली असेल तर फ्यूज उडतो. लाकडी पाटावर रबर घालून बसवा. हे न समजल्यामुळे लोक मोटर बदलत बसतात.

फास

यातलं नाजूक काम हेच. यमाच्या हातापासून लिंगाच्या माथ्यापर्यंत ०.८ मिलिमीटरचा दुहेरी तंगूस, वीस अंशांच्या उतारावर. त्यावरून दीड फूट व्यासाचं हलक्या अॅल्युमिनियम तारेचं कडं, काळ्या-तांबड्या सुतात गुंडाळलेलं, स्वतःच्या वजनाने घसरतं. सुत मात्र लुमावरचं घ्या, नायलॉनची दोरी दिव्यात लकाकते. कडं धरून ठेवायला गाडीच्या सेंट्रल लॉकचा अॅक्च्युएटर: पिन मागे गेली की फास सुटला. परत आणायला सातवी, छोटी मोटर.

तिसऱ्या दिवशी तंगूस सैल पडतो आणि फास लिंगाऐवजी मार्कंडेयाच्या नाकावर येतो. दोन्ही टोकांना टर्नबकल (पिळून ताण वाढवायचा आटा) लावा, रोज दुपारी तीनला ताण तपासा. तंगूस प्रेक्षकांना दिसत असेल तर दिवा समोरून न मारता बाजूने मारा.

फास सुटायच्या क्षणी हलगीचा एकच टोला. डॉल्बीतला स्फोट त्याच्यापुढे फिका पडतो.

वीज आणि क्रम

एक आर्डुइनो (प्रोग्राम भरता येणारा छोटा बोर्ड) आणि १६ रिलेचं, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांचं, बोर्ड पुरतं: उलटसुलट चार मोटरींना आठ, दोन हातांना दोन, फासाच्या मोटरीला एक, पिनला एक, दिव्यांना चार. बोर्डावरचे रिले दहा अँपिअरचे असतात आणि अडकलेली वायपर मोटर वीस खाते, म्हणून मधे गाडीचे ३० अँपिअरचे रिले घाला. नाहीतर संपर्क चिकटतात आणि शंकर वर जाऊन जातच राहतो. प्रत्येक मोटरला वेगळा १० अँपिअरचा फ्यूज हवा.

प्रोग्राम लिहिणारं कोणी नसेल तर प्लायच्या चकत्यांचा कॅम-ड्रम. एका खेळाला एक फेरा, चकतीच्या खाचेवर मायक्रोस्विच. जेकार्ड मागाची, नक्षी ठरवणारी पंचकार्डं ज्यांनी हाताळलीत त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. उलट तेच तुमच्या खाचा तपासून देतील.

दोन्ही पद्धतींत घोटाळा एकाच ठिकाणी होतो. खेळाच्या मध्यात वीज जाते, आल्यावर आवाज पहिल्यापासून सुरू होतो आणि यंत्र जिथे होतं तिथून. निवेदक मृकंडूचं सांगतोय आणि शंकर आधीच उभा. म्हणून प्रत्येक हालचालीला 'घर'ची जागा ठरवा, तिथे स्विच लावा, आणि सगळे घरी आल्याशिवाय आवाज सुरू होणार नाही अशी जोडणी करा.

वीज महावितरणच्या तात्पुरत्या जोडणीचीच घ्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच तोडणारा स्विच) आणि अर्थिंग तपासून. सोलापुरात सप्टेंबर हाच जास्त पावसाचा महिना, त्यामुळे एसएमपीएस (मोटरींना १२ व्होल्ट देणारी पेटी) आणि बोर्ड जमिनीपासून दोन फूट वर, पत्र्याच्या पेटीत. धुराचं यंत्र एका खेळात पाच सेकंद पुरे. कापूर पेटवून धूर काढायचा विचार कोणी मांडला तर तो बैठकीतच संपवा, मागे सगळं कापड आहे.

आवाज, चाल, भाषा

निवेदन मराठीत. यमाचं एक वाक्य आणि आईची हाक तेलुगूत ठेवली तर पूर्वभागात वेगळीच शांतता पसरते. दोन्ही भाषा सगळीकडे घालायच्या तर सात मिनिटांचे बारा होतात.

मार्कंडेयाच्या तोंडी चंद्रशेखराष्टक द्या. ते त्याच्याच नावावर आहे आणि पालुपदाचा अर्थच 'यम माझं काय करणार' असा आहे. महामृत्युंजय मंत्र घेणार असाल तर पूर्ण म्हणा, मध्येच आवाज उतरवून तोडू नका. साध्या लयीत एका आवर्तनाला बारा-पंधरा सेकंद लागतात. मोबाइलवरची तासाभराची संथ आवृत्ती उचलू नका. गल्लीतल्याच खणखणीत आवाजाच्या माणसाकडून म्हणवून घ्या.

गाजलेल्या गाण्याच्या चालीवर देवाचे शब्द बसवणं ही जुनी रीत आहे, भजनी मंडळं ते करत आलीत. पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात मूळ शब्द वाजतात. कसोटी अशी: चाल नुसती गुणगुणा आणि समोरच्या दहा वर्षांच्या पोराला विचारा काय आठवतं. नायिका आठवली तर चाल बदला. कायद्याचंही बघा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये खऱ्या धार्मिक विधीच्या ओघात गाणं वाजवायला सवलत आहे. देखाव्यातलं पार्श्वसंगीत त्यात बसेलच असं धरू नका, आणि त्याचा व्हिडिओ टाकलात तर ती सवलत तिथे लागू नाही. गावातला पेटीवाला, हलगीवाला आणि एक दुपार, एवढ्यात तुमची स्वतःची चाल होते.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि ध्वनिक्षेपक असलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्याहून दहा जास्त, म्हणजे ६५. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. सरकारने बारापर्यंत सूट दिलेले दिवस वेगळे, ती यादी दर वर्षी पोलीस ठाण्यात बघा. बारा इंची दोन स्पीकर अडीच मीटर उंचीवर, तोंड खाली प्रेक्षकांकडे वळवून लावले की कमी आवाजात शब्द नीट कळतात. जमिनीवर ठेवले तर पहिल्या रांगेचे कान फुटतात आणि मागे काही पोचत नाही.

मांडवात

पूजेचा गणपती देखाव्याच्या आत नको. उजव्या बाजूला स्वतंत्र चौरंगावर, असा की फास सुटताना त्याची दिशा गणपतीकडे नसेल आणि प्रेक्षकांची पाठ त्याच्याकडे होणार नाही. नकाशा काढताना हे कोणाच्या लक्षात येत नाही, पण पहिल्या आरतीला प्रत्येकाच्या लक्षात येतं. चपला गणपतीपुढे काढायच्या की देखाव्यापुढेही, हे दोरी बांधून आधीच ठरवा, नाहीतर साठ माणसं अंधारात चपला शोधतात आणि दीड मिनिटाची पाच होतात.

लहान मुलं पुढे, बसून. रेड्याच्या गाड्यापासून पहिली रांग सहा फूट लांब. यम पुढे सरकताना तीन वर्षांची पोरं रडतात, म्हणून आयांना कडेला उभं करा, बाहेर पडायची वाट तिथेच ठेवा.

फुलं आणि नाणी

दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्री कोणीतरी लगद्याच्या लिंगावर बेलाचं पान ठेवतं. चौथ्या रात्री त्यावर नाणी असतात, आणि पाळी सरकली की नाणी आत रुळात पडून लिंग अर्धवट उघडं राहतं. "हे खोटं आहे, वाहू नका" अशी पाटी लावू नका. ज्याने वाहिलं त्याला ते खोटं नव्हतं. दोन फूट पुढे एक खरा पाट मांडा, त्यावर तांब्या, समई, ताटली. हात तिथे थांबतात. रूळ रोज खेळाआधी ब्रशने साफ करा, आणि निघालेली नाणी दानपेटीत टाका, कार्यकर्त्यांच्या चहात नको.

अनंत चतुर्दशीनंतर मोटरी काढून ग्रीस भरा, प्रत्येकीवर चिठ्ठी लावा की कुठे बसवली होती. यम, रेडा आणि मार्कंडेय गोणपाटात बांधून माळ्यावर. शंकराचं आणि लिंगाचं काय करायचं हे पुजाऱ्यांना विचारा. प्राणप्रतिष्ठा झालेली नसते, पण दहा दिवस लोकांनी हात जोडलेले असतात. बहुतेक वेळा उत्तर मिळतं की एक नारळ फोडून उतरवा. तलावात टाकू नका, रंग आणि मोरचूद पाण्यात जातं. जाळी सोडवून लगदा पिंपात भिजवला की आठवड्याभरात तो पुन्हा मळता येतो, फक्त नवी खळ घालावी लागते. मात्र त्या पिंपावर खडूने 'लिंग' असं लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याचा रेडा करू नका. कोणीतरी विचारतंच.